चेक इंजिनचा दिवा आणि बाहेरून बसवलेलं सीएनजी किट : दोष नेमका कुठे, हे कसं शोधायचं?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की माणसं दोन प्रकारे वागतात. एक म्हणतो, "काही होत नाही, गाडी चालतेय ना!" दुसरा त्याच दिवशी गॅरेज गाठतो आणि सांगितला तो पार्ट बदलून येतो. आठ दिवसांनी दोघांच्याही गाडीत दिवा तसाच असतो. एकाचं इंजिन बिघडत असतं, दुसऱ्याचे पैसे गेलेले असतात.

गाडीला बाहेरून सीएनजी किट, वेगळा सायलेन्सर किंवा लोकल सेन्सर लावलेला असेल तर गोंधळ आणखी वाढतो. शोरूमवाले म्हणतात, "बाहेरचं काम आहे, आम्ही हात लावणार नाही." किटवाला म्हणतो, "किट एकदम ओके, दोष गाडीत आहे." मधल्या मध्ये गिऱ्हाईक हेलपाटे मारत राहतं.

वाचकहो, यातून सुटण्याचा मार्ग फार अवघड नाही. बाहेरचा पार्ट दोषी आहे असं आधीच ठरवू नये, निर्दोष आहे असंही मानू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलून गाडी तपासावी आणि प्रत्येक निकाल कागदावर लिहून ठेवावा. याच पद्धतीची माहिती आम्ही येथे देत आहोत. गॅरेजवाल्याशी नीट बोलता यावं, एवढी समज प्रत्येक गाडीमालकाला असायला हवी.

दिवा काय सांगतो?

आजच्या गाडीत इंजिनाचा कारभार ईसीयू नावाचा छोटा संगणक पाहतो. हवा किती आली, इंजिन किती तापलं, धुरात ऑक्सिजन किती आहे, हे सेन्सर त्याला कळवतात. त्यावरून तो पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. एखादी नोंद ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की तो ती कोडच्या रूपात साठवतो आणि दिवा लावतो. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ ही तपासणी यंत्रणा बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि यंत्रणा अधिक कडक झाली. म्हणून जुन्या गाडीत खपून जाणारं काम नव्या गाडीत लगेच दिवा लावतं.

चावी ऑनवर फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही, तर हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. सेकंड हँड गाडी घेताना हे जरूर बघा. चावी फिरवूनही दिवा लागत नसेल तर तो बिघडलेला आहे किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केलेला आहे. अशा गाडीचा सौदा स्कॅनर लावल्याशिवाय करू नये.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

सर्वांत आधी हे बघावं.

१) स्थिर पिवळा दिवा : गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घाबरून रस्त्यात थांबण्याची गरज नाही. एक-दोन दिवसांत कोड वाचून घ्या.

२) लुकलुकणारा दिवा : गाडी मिसिंग मारते आहे आणि न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचतंय. कन्व्हर्टर प्रचंड तापतो आणि खराब होतो, आणि तो महागड्या भागांपैकी एक आहे. लगेच ॲक्सिलरेटर कमी करा. गाडी गॅसवर असेल तर बटण दाबून पेट्रोलवर घ्या. लुकलुकणं थांबलं तर सावकाश मुक्कामी पोहोचा. थांबलं नाही तर गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. सुक्या गवतावर मात्र उभी करू नका.

३) सोबत लाल दिवा : ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करायचं. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हा विचार इथे इंजिनाचं काम काढतो.

कोड उडवण्याआधी लिहून घ्या

बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलच्या ॲपवर कोड वाचता येतो. साधा स्कॅनर हजार-दीड हजारांच्या आत मिळतो. चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

स्क्रीनवर इंग्रजी अक्षर आणि पुढे चार अंक दिसतात. इंजिनाचे कोड 'पी'ने सुरू होतात. पुढचा पहिला अंक ० असेल तर तो कोड सर्व कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. कोडबरोबर 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंदही असते. दिवा लागला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती गरम होतं, हे तिच्यात सापडतं. दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढा. गाडी तेव्हा गॅसवर होती की पेट्रोलवर, चढावर होती की सिग्नलला, पाऊस होता का, हेही लिहून ठेवा. बाहेरचं किट असलेल्या गाडीत हीच माहिती सगळ्यात कामाची ठरते, कारण गाडी कोणत्या इंधनावर आहे हे मूळ ईसीयूला ठाऊकच नसतं.

अनेक गॅरेजांत आधी कोड उडवतात आणि मग विचार करतात. काही जण बॅटरीची वायर काढून दिवा घालवतात. दोन्हींत पुरावा पुसला जातो, पण दोष तिथेच राहतो. दोष खरोखर गेला असेल तर बहुतेक गाड्यांत लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे

प्रगतिपुस्तकात 'गणित कच्चे' असा शेरा असतो. मूल कच्चं का राहिलं, ते शेऱ्यात नसतं. त्याला फळा नीट दिसत नसेल, तो गैरहजर राहिला असेल किंवा शिकवणाऱ्यातच कमी असेल. कोडचंही तसंच आहे. आपल्याकडे वारंवार दिसणारे काही कोड असे :

• पी ०१७१ : मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी.
• पी ०१७२ : मिश्रण घट्ट, म्हणजे इंधन जास्त.
• पी ०३०० : मिसिंग, पण ठराविक सिलिंडरमध्ये नाही. पी ०३०१ ते पी ०३०४ : अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये मिसिंग.
• पी ०२०१ ते पी ०२०४ : त्या त्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये दोष.
• पी ०१३५ : पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरमध्ये दोष.
• पी ०४२० : कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय.
• पी ०११३ : आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा संपर्क तुटलेला.
• पी ०१२८ : इंजिन हवं तेवढं गरम होत नाही.

पी ०१७१ आला की "ऑक्सिजन सेन्सर गेला" असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर तो सेन्सर त्याचं काम करतो आहे, म्हणूनच मिश्रण पातळ असल्याचं कळलं. निरोप आणणाऱ्यालाच बदलून काय उपयोग?

सीएनजी किट : गॅस आणि पेट्रोलची वेगवेगळी परीक्षा

बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटला स्वतःचा वेगळा ईसीयू असतो. गाडीचा मूळ ईसीयू पेट्रोल इंजेक्टरला जो इशारा देतो, तो किटचा ईसीयू मध्येच पकडतो, पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवतो आणि त्याऐवजी गॅसचे इंजेक्टर उघडतो. मूळ ईसीयूला वाटतं, आपण पेट्रोलच सोडतोय. दोघांचं ट्युनिंग जुळलेलं असेल तर सगळं सुरळीत चालतं. बिनसलं की मूळ ईसीयू आपल्या हिशेबात दुरुस्ती करत राहतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती स्कॅनरवर टक्क्यांत दिसते.

शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म अशा दोन ट्रिमची बेरीज करा. साधारण उणे १० ते अधिक १० टक्के असेल तर ठीक. अधिक २० किंवा २५ म्हणजे इंधन कमी पडतंय म्हणून ईसीयू सारखं वाढवतोय. उणे २० किंवा २५ म्हणजे इंधन जास्त होतंय म्हणून कापतोय. दिवा किती टक्क्यांवर लागणार हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

आता परीक्षा अशी घ्यावी. कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून झाला की कोड काढून टाका. मग तीन-चार दिवस, किमान शंभर किलोमीटर, गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. इंजिन गरम असताना एकदा जागेवर आणि एकदा २५०० आरपीएमवर ट्रिम लिहून घ्या. त्यानंतर तेवढीच गाडी गॅसवर चालवून तेच आकडे पुन्हा लिहा. इंधन बदलल्याबरोबर आकडा घेऊ नका, कारण ईसीयू जुना हिशेब काही काळ लक्षात ठेवतो. पंधरा-वीस किलोमीटर जाऊ द्या. पी ०१७१ असेल तर निकाल असे वाचावेत :

१) फक्त गॅसवर मिश्रण पातळ : दोष किटच्या बाजूला. गॅसचा फिल्टर तुंबला आहे का, रिड्यूसरचा दाब कमी झाला आहे का, गॅस इंजेक्टर अडकताहेत का, हे बघून शेवटी लॅपटॉप लावून ट्युनिंग करायचं. आधी ट्युनिंग केलं तर तुंबलेल्या फिल्टरवर पांघरूण घातलं जातं.

२) फक्त पेट्रोलवर मिश्रण पातळ : दोष पेट्रोलच्या बाजूला. "गॅस आहे ना, पेट्रोल कशाला?" म्हणून आपण टाकीत दोन-तीन लिटरच ठेवतो. पेट्रोल पंप टाकीतच बसवलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कायम तळाला असली की पंप तापतो, गाळ ओढतो आणि महिनोन्महिने न वापरलेले इंजेक्टर चिकटतात. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

३) दोन्हींवर मिश्रण पातळ : कुठूनतरी न मोजलेली हवा आत येत असण्याची शक्यता जास्त. किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डला भोकं पाडून गॅसचे नोझल बसवतात. नोझल सैल असेल, सील सुकलं असेल किंवा व्हॅक्यूमचा पाइप चिरला असेल तर तिथून हवा ओढली जाते. खूण अशी की जागेवर ट्रिम खूप जास्त असते आणि २५०० आरपीएमवर कमी होते.

आमच्या एका सहकाऱ्यांच्या गाडीत नेमकं हेच होतं. वर्षभरात दोन ऑक्सिजन सेन्सर बदलून झाले, तरी पी ०१७१ परत येई. दोन्ही इंधनांवर आकडे लिहून घेतले तेव्हा जागेवर ट्रिम अधिक २२ आणि २५०० वर अधिक ६ दिसली, पेट्रोलवरही आणि गॅसवरही. तो कागद पाहून मिस्त्रीने थेट मॅनिफोल्ड तपासला. एका नोझलचं सील गेलं होतं.

एक बारकावा लक्षात ठेवावा. गाडी पेट्रोलवर असली तरी किटची वायरिंग इंजेक्टरच्या मार्गात राहतेच. म्हणून पी ०२०१ ते पी ०२०४ पैकी कोड असेल तर नुसतं पेट्रोलवर चालवून भागत नाही. किटवाल्याला मूळ प्लग थेट जोडून द्यायला सांगा. तरीही कोड आला तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये. नाही आला तर किटच्या हार्नेसमध्ये.

मिसिंगचा कोड आला तर

गॅसच्या मिश्रणाला पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. त्यामुळे जुना प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर कशीबशी चालते आणि गॅसवर चढ आला की मिसिंग मारते. अशा वेळी किटला दोष देण्याआधी प्लग काढून बघा. गॅप किटच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आहे का, तेही तपासा.

कॉइलची परीक्षा फुकटात होते. समजा कोड पी ०३०२ आहे आणि गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आहे. दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर लावा आणि तीनची दोनवर. पुन्हा चालवल्यावर कोड पी ०३०३ झाला तर कॉइल खराब. पी ०३०२ च राहिला तर मग प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन, या क्रमाने बघा. नवी कॉइल घेण्याची घाई नको.

पी ०१२८ कडेही किट असलेल्यांनी लक्ष द्यावं. सुमारे २०० बार दाबाचा गॅस सुटताना खूप थंड होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनाचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. आपल्याकडे काही मिस्त्री "गाडी तापू नये" म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन वेळेत गरम होत नाही, गाडी गॅसवर उशिरा जाते आणि ॲव्हरेज पडतं. इथे उपाय एकच, थर्मोस्टॅट परत बसवणं.

बाकीचे बाहेरचे पार्ट

एअर फिल्टर : कोन आकाराचा फिल्टर बसवताना हवेच्या सेन्सरचा प्लग लावायचा राहिला की पी ०११३ येतो. तेल लावायच्या फिल्टरचं तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर थर बसतो. जुना डबा आणि फिल्टर फेकू नका. तो परत बसवून बघणं हीच सर्वांत स्वस्त तपासणी.

सायलेन्सर : 'फ्री फ्लो' बसवताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला असेल तर पी ०४२० येणारच. तो कोड खरं बोलतो आहे. पुढच्या सेन्सरच्या आधी वेल्डिंगमध्ये फट राहिली तर बाहेरची हवा आत जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू उगाच इंधन वाढवतो. नवा सायलेन्सर बसवल्यावर ॲव्हरेज पडलं असेल तर आधी ही फट शोधा.

सेन्सर : कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत चांगला मालही मिळतो आणि नकलीही. ऑक्सिजन सेन्सर 'सगळ्या गाड्यांना चालतो' असा, वायर कापून जोडायचा, शक्यतो घेऊ नका. हीटरचा रोध जुळला नाही की पी ०१३५ येतो. पार्ट नंबर जुळवून, मूळ प्लगसह आणि बिल घेऊनच माल घ्यावा.

वायरिंग : म्युझिक सिस्टिम, अलार्म, जादा लाइट यांच्यासाठी मूळ वायर सोलून टेप गुंडाळलेली असते. कोकणातली खारी हवा आणि पाऊस अशा जोडांना पहिल्यांदा खातात. उंदीर उरलेलं काम करतात. वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकदम आले तर सेन्सर बदलण्याआधी बॅटरी, अर्थिंग आणि हे जोड तपासा. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दाखवते.

दिवा लपवू नका

दिव्याची वायर तोडणं, बल्बवर टेप लावणं किंवा मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर घालून त्याला फसवणं, ही कामं दोनशे-पाचशे रुपयांत होतात. पण पुढे खरोखर मिसिंग सुरू झालं तरी चालवणाऱ्याला कळत नाही. अशी गाडी सांगितल्याशिवाय विकणं म्हणजे घेणाऱ्याची सरळ फसवणूक.

गॅसची गळती मात्र हा दिवा दाखवतच नाही. वास आला तर इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, सुरक्षितपणे जमत असेल तर सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि काडी किंवा सिगारेट जवळ येऊ देऊ नका. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख सिलिंडरवरच्या प्लेटवर असते. मागच्या सीटवर मुलं बसतात आणि त्यांच्या पाठीमागे सिलिंडर असतो. बाकी कशात काटकसर करा, या टेस्टमध्ये नको.

कागदपत्रं आणि वॉरंटी

मंजुरी असलेलं किट, अधिकृत केंद्रातून बसवणं, आरसीवर सीएनजीची नोंद आणि विमा कंपनीला कळवणं, या चार गोष्टी पूर्ण असाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीतील बदलांवर बंधनं आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

वॉरंटीत असलेल्या गाडीला किट बसवण्याआधी वॉरंटी पुस्तिकेतील अटी वाचा. सर्व्हिस सेंटरने काम नाकारलं तर वाद न घालता एवढंच मागा : कोणत्या बाहेरच्या पार्टमुळे कोणता बिघाड झाला, हे लेखी द्या. आपल्याकडे कोडचे फोटो आणि दोन्ही इंधनांवरचे आकडे असतील तर बोलण्याला वजन येतं. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

गॅरेजला जाताना सोबत काय न्यावं?

१) कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो.
२) दिवा कधी लागला : गॅस की पेट्रोल, चढ की सपाट, पाऊस की कोरडं.
३) दोन्ही इंधनांवरचे ट्रिमचे आकडे.
४) कोणता बाहेरचा पार्ट कधी बसवला, त्याची तारीख आणि बिल.
५) गेल्या सहा महिन्यांत कोणतं काम झालं.

आणि मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा : "हाच पार्ट खराब आहे, हे कशावरून कळलं?" जाणकार मिस्त्री आकडा दाखवेल, पार्ट अदलाबदल करून दाखवेल किंवा गळती दाखवेल. ज्याचं उत्तर "बदलून बघू" एवढंच असेल, त्याला सांगा की आधी तपासून बघू. काम झाल्यावर जुना पार्ट मागून घ्या, आणि पुढचे शंभर किलोमीटर दोन्ही इंधनांवर चालवून दिवा परत येत नाही ना, याची खात्री करा.